सायकलला मोटर बसवण्यापूर्वी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी कात्रजला राहतो आणि शिवाजीनगरच्या एका कार्यालयात नोकरी करतो. वय ४८, वजन ७२ किलो. जाऊन-येऊन साधारण २२ किलोमीटर अंतर पडते. सकाळी सायकलने सहज जाता येते, परंतु संध्याकाळी स्वारगेटपासून कात्रजपर्यंतचा चढ गुडघ्याला सोसत नाही, म्हणून वर्षभर सायकल पार्किंगमध्येच उभी आहे. ती २६ इंची चाकांची, लोखंडी फ्रेमची, मागे ७ गिअर असलेली आहे. पुढच्या चिमट्याला शॉकअप आहेत आणि दोन्ही चाकांना रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक आहेत. तिला विजेची मोटर बसवावी असे मनात आहे. एका दुकानदाराने ३५० वॉटचे किट आणि शिसे-आम्लाच्या तीन लहान बॅटऱ्या सुचवल्या. पुतण्या म्हणतो की घ्यायचेच तर ४८ व्होल्टचे, १००० वॉटचे किट घ्यावे. मोटर किती वॉटची असावी, बॅटरी कोणती घ्यावी, परवाना लागतो का, आणि सोसायटीत चार्जिंगला हरकत घेतली गेली तर काय करावे, हे कृपया सांगावे. – एक वाचक, कात्रज, पुणे

उत्तर : आपण अंतर, चढ, वजन आणि सायकलचे वर्णन हे सारे लिहून पाठवले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘कोणती मोटर चांगली’ एवढेच विचारलेले असते, आणि रोजचा रस्ता ठाऊक असल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नसते. म्हणून मोटरीच्या आकड्यांकडे वळण्यापूर्वी आपल्या प्रवासाला प्रत्यक्षात किती शक्ती लागते ते पाहू.

आपण, सायकल, मोटर-बॅटरी आणि डब्याची पिशवी असे सर्व मिळून वजन १०० ते १०५ किलो होईल. एवढे वजन सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने नेण्यासाठी सुमारे १२० वॉट शक्ती लागते. त्यातील निम्मी वाऱ्याला आणि निम्मी टायरच्या घर्षणाला पुरते. दर १०० मीटरला ३ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरचा वेग राखायचा असेल, तर हीच गरज २०० वॉटच्या आसपास जाते. आपल्या वयाचा निरोगी माणूस घाम न येता बराच वेळ ७० ते ८० वॉट देऊ शकतो. म्हणजे सपाटीवर मोटरीने ४०-५० वॉट दिले तरी भागते आणि स्वारगेट ते कात्रज या सातारा रस्त्याच्या चढावर १२०-१३० वॉट दिले की गुडघ्यावर ताण येत नाही. मधला एखादा तुकडा याहून उभा असला, तरी २५० वॉटच्या वर्गातील मोटर तो वेग थोडा उतरवून पार करते. आपल्या रस्त्यासाठी १००० वॉटची मोटर गरजेच्या चौपटीहून अधिक आहे.

केवळ अनावश्यक आहे एवढेच असते, तर तो खर्चाचा प्रश्न ठरला असता. परंतु येथे कायदाही आड येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार, मोटरीची तीस मिनिटांची शक्ती, म्हणजे सलग अर्धा तास देता येणारी शक्ती, ०.२५ किलोवॉटपेक्षा (२५० वॉटपेक्षा) कमी असेल आणि वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच विजेचे दुचाकी वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येच्या बाहेर राहते. पेडलच्या जोडीने मदत करणाऱ्या सायकलीसाठीही मोटरीची मर्यादा हीच असून, वेग ताशी २५ किलोमीटरकडे जाईल तशी मोटरीची मदत कमी होत जाऊन तेथे बंद व्हावी, आणि चालकाने पेडल थांबवले तर त्याआधीच बंद व्हावी, अशी अट आहे. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक, आणि बॅटरी वगळून ६० किलोपेक्षा जास्त नसलेले वजन याही अटी त्याच नियमात आहेत. या मर्यादेत बसणाऱ्या वाहनाला नोंदणी, परवाना किंवा विमा लागत नाही. मर्यादा ओलांडली की ते वाहन कायद्याच्या दृष्टीने मोटारसायकलच्या पंक्तीत जाते, आणि नोंदणी व विमा नसलेले मोटार वाहन रस्त्यावर चालवल्याचा दोष चालकाकडे येतो. एरवी हे कोणी विचारणार नाही, असे आपल्याला कोणी सांगेल. परंतु एखाद्या संध्याकाळी पादचाऱ्याला धक्का लागला तर पहिला प्रश्न हाच निघेल, आणि तेव्हा भरपाईचा सर्व भार आपल्या एकट्यावर पडेल. म्हणून दुकानदाराचे ३५० वॉटचे किटही नाकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, जी विक्रेते सहसा बोलत नाहीत. वरील सवलत मान्यताप्राप्त चाचणी संस्थेच्या पडताळणीशी जोडलेली आहे. आपल्याच शहरातील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही अशीच एक संस्था आहे. घरी किंवा दुकानात बदललेल्या सायकलीला ती पडताळणी आपोआप मिळत नाही. त्यामुळे किट घेताना चाचणीचे प्रमाणपत्र आहे का हे लेखी विचारावे, मोटरीवर २५० वॉटची खूण कोरलेली असल्याची खात्री करावी, पावतीवर मोटरीची शक्ती आणि बॅटरीची क्षमता लिहून घ्यावी, आणि कंट्रोलरमधील, म्हणजे मोटरीला वीज किती द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीतील, वेगमर्यादा २५ च्या आतच ठेवावी. या बाबतीत मनाला पूर्ण निर्धास्तपणा हवा असेल, तर प्रमाणपत्र असलेली तयार विजेची सायकल घेणे हा सरळ मार्ग आहे. जुनी सायकल चांगल्या स्थितीत असेल आणि तिच्यावर आपला हात बसलेला असेल, तेव्हाच ती बदलण्यात अर्थ आहे. फ्रेम गंजलेली असेल, एक्सलमध्ये खेळ असेल, तर तिच्यावर मोटर चढवण्यात पैसा आणि जीव दोन्ही पणाला लागतात.

आता बॅटरीकडे येऊ, कारण सर्वाधिक पैसे तिच्यातच जातात आणि सर्वाधिक चुकाही तिच्याच निवडीत होतात. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. बॅटरीत किती ऊर्जा मावते हे या एकाच आकड्यावरून कळते, म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना नेहमी वॉट-तासांतच करावी. पेडल मारत, मोटरीची मध्यम मदत घेत शहराच्या रहदारीत गेल्यास दर किलोमीटरला साधारण १० वॉट-तास खर्च धरावा; सिग्नलला पुनःपुन्हा थांबून उचल घेण्याचा खर्च त्यात येतो. याशिवाय चढलेल्या प्रत्येक १०० मीटर उंचीमागे, मोटरीतील घट धरून, ४० वॉट-तास वेगळे मोजावेत. आपले २२ किलोमीटर म्हणजे २२० वॉट-तास आणि परतीचा एकूण चढ १०० मीटर धरला तर त्याचे ४०, असे २६० वॉट-तास होतात. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून पाचवा हिस्सा शिल्लक राहील अशी ती घ्यावी. म्हणजे गरज ३२५ वर जाते. शिवाय दोन-तीन वर्षांनी क्षमता २० टक्क्यांनी उतरली तरी त्याच बॅटरीवर घरी पोहोचता आले पाहिजे, हे धरले की ४०० वॉट-तासांच्या थोडे वर यावे लागते. ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत ४६८ वॉट-तास मावतात. आपल्यासाठी ती योग्य ठरेल. कार्यालयात दिवसा चार्जिंगची परवानगी मिळणार असेल, तर १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॉट-तासांची बॅटरीही पुरेल आणि तेवढे पैसे वाचतील. तेव्हा दुकानात जाण्याआधी कार्यालयात हे विचारून घ्यावे.

दुकानदाराने सुचवलेल्या शिसे-आम्लाच्या तीन बॅटऱ्या बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या असाव्यात. घरातील लहान यूपीएसमध्ये असतात तशा. कागदावर त्यांचे २५२ वॉट-तास होतात, परंतु ही क्षमता वीस तास हळूहळू वीज काढली तर मिळणारी असते. तासाभरात वीज उपसली की तीच बॅटरी जेमतेम ६० टक्के देते. म्हणजे हाती येणार सुमारे १५० वॉट-तास आणि वजन मात्र ७ किलोच्या आसपास, तर आपल्याला लागणाऱ्या लिथियम बॅटरीचे वजन आवरणासह साधारण ३ किलो असते. या स्वस्त बॅटरीवर आपण सकाळी कार्यालयात पोहोचाल, आणि संध्याकाळी नेमका चढ सुरू होईल तेथे मोटर बंद पडून ती वाढीव सात किलो ओढत घरी यावे लागेल.

लिथियम बॅटऱ्यांतही दोन प्रकार बाजारात मिळतात आणि त्यांतील फरक लक्षात ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारात ३६ व्होल्टसाठी १० सेल एकापुढे एक जोडतात आणि पूर्ण भरल्यावर ती बॅटरी ४२ व्होल्टवर थांबते. लोह-फॉस्फेट प्रकारात १२ सेल असतात आणि ती ४३.८ व्होल्टपर्यंत भरते. दोन्हींवर ‘३६ व्होल्ट’ असेच लिहिलेले आढळते आणि पुष्कळदा चार्जरची पिनही सारखीच असते. लोह-फॉस्फेटचा चार्जर दुसऱ्या प्रकाराच्या बॅटरीला लावला, तर तिचे सेल मर्यादेबाहेर भरले जाऊ शकतात, आणि तेव्हा सर्व भरवसा आतील बीएमएस या संरक्षक पाटीवर राहतो. म्हणून बॅटरी ज्या चार्जरसह आली त्याच चार्जरवर ती भरावी, आणि घरात दुसरे विजेचे वाहन असेल तर चार्जरला रंगीत पट्टी चिकटवून वेगळेपण दाखवावे. लोह-फॉस्फेट थोडी जड व मोठी असते, परंतु उष्णता अधिक सोसते आणि अधिक वर्षे टिकते; फ्रेमच्या त्रिकोणात तेवढी जागा असेल तर मी तिलाच पसंती देईन. कोणत्याही प्रकारची घ्या, पण सेल कोणत्या कंपनीचे आहेत आणि त्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आहे का, हे विचारल्यावर ज्या दुकानदाराला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल जुळवून केलेल्या बॅटऱ्या स्वस्त मिळतात. त्या घरात आणू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मोटर कोठे बसवावी, याचा निर्णय आपल्या बाबतीत सायकलनेच करून ठेवला आहे. पुढच्या चिमट्याला शॉकअप असताना पुढच्या चाकात मोटर बसवू नये. मोटर चाकाला पुढे ढकलते तेवढ्याच जोराने तिचा एक्सल चिमट्याच्या खाचेत उलटा फिरू पाहतो, आणि शॉकअपच्या चिमट्याची टोके बहुधा ॲल्युमिनियमची असल्यामुळे ती न वाकता एकदम तुटतात. वेगात असताना पुढचे चाक निसटले तर सावरायला क्षणही मिळत नाही. म्हणून आपण मागच्या चाकातील, आतून गिअर असलेली २५० वॉटची हब मोटर घ्यावी. ती अडीच-तीन किलोची असते आणि बंद असताना चाकाला अडवत नाही, त्यामुळे बॅटरी संपली तरी सायकल नेहमीसारखी चालते. चाकाच्या नाभीत मोटर बसवण्याची कल्पना तशी फार जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन यांना अमेरिकेत मागच्या चाकातील मोटरीच्या सायकलीचे पेटंट १८९५ च्या अखेरीस मिळाले होते. आज वजन घटले आहे आणि बॅटरी सुधारली आहे, परंतु एक्सल खाचेत फिरू न देण्याची काळजी आजही घ्यावीच लागते. त्यासाठी टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी एक्सलवर बसवून फ्रेमच्या दांड्याला आवळतात. लोखंडी फ्रेम आहे म्हणून ती नको, असे दुकानात सांगतील. तरीही ती बसवून घ्यावी.

खरेदीपूर्वी दोन मापे घ्या. मागच्या खाचांमधील आतले अंतर १३५ मिलिमीटर असावे, आणि सध्याचे ७ गिअरचे फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसणारे आहे की कॅसेट प्रकारचे, ते मेकॅनिककडून पाहून घ्या. फ्रीव्हील असेल तर तशाच आट्यांची मोटर मागा, म्हणजे गिअर आहेत तसे वापरता येतील. मागचे चाक नव्याने विणले जाईल तेव्हा तारा जाड घ्याव्यात आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचा आऊट पुन्हा काढून घ्यावा, कारण नव्या तारा बसताना सैल पडतात. त्याच वेळी एक्सलचे नटही पुन्हा आवळावेत. पंक्चरची भीती अनेकांना वाटते, परंतु आपल्याकडचे पंक्चरवाले चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतात. ही पद्धत मोटरीच्या चाकाला फार सोयीची आहे. तरी एक्सलच्या नटाला बसणारा, बहुधा १८ मिलिमीटरचा पाना पिशवीत ठेवावा.

पेडल फिरू लागले की मोटर सुरू करणारा सेन्सर दोन प्रकारचा असतो. साधा सेन्सर केवळ पेडल फिरते आहे एवढेच ओळखतो. दुसरा पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत देतो. दुखऱ्या गुडघ्यासाठी साधा सेन्सरच बरा, कारण त्यात पेडल हलके फिरवले तरी पूर्ण मदत मिळते. मात्र ब्रेक दाबताच मोटर बंद करणाऱ्या मुठी किटमध्ये असल्याच पाहिजेत. साध्या सेन्सरची मोटर पेडल थांबवल्यावरही क्षणभर चालू राहते, आणि रहदारीत तेवढा क्षण पुष्कळ असतो.

आणि ब्रेक. ताशी १५ किलोमीटरवरून वेग २५ झाला की थांबवायची ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक होते, हे मोटर बसवताना फार थोडे लोक लक्षात घेतात. आपले व्ही-ब्रेक या कामाला पुरेसे आहेत, परंतु वर्षभर उभ्या असलेल्या सायकलीचे रबर कडक झालेले असते आणि केबल गंजलेली असते. तेव्हा सर्वप्रथम सायकलचे पूर्ण ओव्हरऑइलिंग करून घ्यावे: छर्रे, चेन, ब्रेकची रबरे व केबल, दोन्ही टायर. मग मोटरीशिवाय एका रविवारी सकाळी पूर्ण मार्ग जाऊन यावा. कोठे खड्डे आहेत, कोणत्या चौकात उजवीकडे वळताना उतरून चालावे लागते, सातारा रस्त्याच्या कडेचा सायकलमार्ग कोठे वापरण्याजोगा आहे, हे तेव्हाच कळेल. त्या फेरीनंतरही रोज जावेसे वाटले, तर किट घ्यावे. या सगळ्याचे अंदाजपत्रक मांडताना निम्मी रक्कम बॅटरीसाठी धरावी, आणि ब्रेक, टायर, दिवे व हेल्मेट यांची रक्कम किटच्या आधी बाजूला काढावी. कायदा या सायकलीला हेल्मेट मागत नसला तरी आपण ते घालावे.

सोसायटीच्या हरकतीबद्दल सांगायचे तर विजेचा खर्च हे कारण टिकण्यासारखे नाही. २ अँपिअरचा चार्जर शंभर वॉटच्या आसपास वीज घेतो, आणि आपल्या रोजच्या प्रवासाला सुमारे पाव ते अर्धा युनिट लागेल. युनिटचा दर १० रुपये धरला तरी दिवसाला पाच रुपयांच्या आत. परंतु आगीबद्दल कोणी चिंता व्यक्त केली, तर ती गैर मानू नये. बॅटरी कुलपाने काढता येणारी घ्यावी आणि आपल्या घरात, आपल्या मीटरवर भरावी. जिन्यात, लिफ्टजवळ किंवा घराच्या एकमेव दरवाजाशी ती कधीही चार्जिंगला लावू नये, कारण काही बिघडले तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर, सर्व जण जागे असताना चार्जिंग करावे. घरी आल्यावर अर्धा तास तिला थंड होऊ द्यावे. १३ अँपिअर-तासांची बॅटरी भरायला सहा-सात तास लागतात, परंतु रोज ती पूर्ण रिकामी होणार नसल्यामुळे चार तासांत काम होईल. जी बॅटरी पडली, भिजली, फुगली किंवा जिला गोडसर, रासायनिक वास येऊ लागला, ती पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

प्रश्न : माझी वडिलांच्या काळातील २८ इंची काळी सायकल अजून ठणठणीत आहे. तिला पुढच्या चाकात मोटर बसवून बाजारात जाता येईल का? – एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : अशा सायकलीचा चिमटा पूर्ण पोलादी असतो आणि मोटरीचा जोर तो इतर अनेक नव्या सायकलींपेक्षा चांगला सोसतो, त्यामुळे आपली कल्पना चुकीची नाही. अडचण सळईच्या ब्रेकची आहे. त्यांची रबरे रिमच्या आतल्या अंगाला दाबतात, आणि पोलादी रिम ओली झाली की त्यांची पकड फारच कमी होते. आपला प्रवास सपाट आणि तीन-चार किलोमीटरचा असेल, तर कंट्रोलरमध्ये वेग १५ ला बांधून घ्यावा आणि पावसात मोटर वापरू नये. त्याहून अधिक वेग हवा असेल तर पुढचे चाक ॲल्युमिनियम रिमवर विणून त्याला केबलचा ब्रेक बसवावा लागेल. या सायकलींची पुढची खाच बहुतेक हब मोटरींना लागणाऱ्या १०० मिलिमीटरपेक्षा अरुंद असू शकते. म्हणून आधी मोजावे आणि खाच कानशीने फार घासू देऊ नये. पेडलच्या दांड्याला कॉटरपिन असल्याने नेहमीचा सेन्सर बसत नाही. दोन भागांत उघडून बसवायची चुंबकाची चकती मागावी. वडिलांची आठवण म्हणून जपलेली वस्तू आहे, तर मूळ पुढचे चाक तेल लावून माळ्यावर ठेवून द्यावे.

प्रश्न : आमच्याकडे रस्ता सतत वर-खाली आहे, काही चढ फार उभे आहेत आणि चार महिने पाऊस. चाकातील मोटर चालेल की पेडलपाशी बसणारी घ्यावी? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दर १०० मीटरला ८ मीटर किंवा त्याहून उभा चढ रोजच्या वाटेवर असेल, तर पेडलच्या एक्सलपाशी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर घ्यावी. चाकातील मोटर उभ्या चढावर ताशी ७-८ किलोमीटरपर्यंत मंदावते तेव्हा बॅटरीतील विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो, आणि लांब चढ असेल तर आतील गुंडाळी तापून मोटर निकामी होऊ शकते. मिड-ड्राइव्ह मोटर सायकलचेच गिअर वापरते, त्यामुळे लहान गिअरवर ती योग्य गतीने फिरत राहते. त्याची किंमत चेन आणि दातेरी चक्रांना मोजावी लागते. ती लवकर झिजतात. गिअर बदलताना क्षणभर पेडलचा जोर सोडण्याची सवय लावली तर त्यांचे आयुष्य बरेच वाढते. पावसासाठी सर्व वायरी जोडणीपाशी पोहोचण्यापूर्वी एकदा खाली झोळ देऊन वर आणाव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाशीच ठिबकून जाते. कंट्रोलरची पेटी तोंड खाली करून बसवावी. पाणी साचलेल्या जागी सायकल घालू नये आणि धुताना जोराचा फवारा मारू नये. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत जोडण्यांच्या पितळी टोकांना हिरवा गंज चढतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्या उघडून, पुसून, विजेच्या जोडण्यांसाठी मिळणारे ग्रीस लावावे.

प्रश्न : मे महिन्यात येथील उन्हाने बॅटरी खराब होईल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : सायकल चालवल्याने नव्हे, पण उन्हात उभी ठेवल्याने आणि तापलेली असतानाच चार्ज केल्याने नक्की होईल. बहुतेक लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस असते, आणि काळ्या आवरणाची बॅटरी दुपारच्या उन्हात याहून कितीतरी अधिक तापते. ती काढून आत न्यावी, पहाटे उठल्यावर चार्ज करावी, आणि सुट्टीत गावी जाणार असाल तर पूर्ण भरून न ठेवता निम्मी भरून, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तेथे ७५० वॉटचे किट सर्रास मिळते असे तो म्हणतो. दिवाळीला येताना बॅटरीसह घेऊन ये, असे सांगू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सांगू नये. तेथील मर्यादा ७५० वॉटची असली तरी आपल्या नियमाला २५० वॉटचीच मर्यादा माहीत आहे. शिवाय प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी सुटी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि १०० ते १६० च्या मधलीला विमान कंपनीची परवानगी लागते. सायकलच्या बहुतेक बॅटऱ्या या मर्यादेहून मोठ्या असतात. बॅटरी येथेच, पावती आणि हमीसह घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून संपलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि चार-पाच वर्षांनी ती कोणाकडे सोपवायची हे ती पावतीच सांगेल.